ओपन सोर्स ॲपमधले खडे कसे निवडायचे: पहिल्यांदा एफ-ड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी मी पुस्तकांच्या देवघेवीचं एक छोटं अँड्रॉइड ॲप लिहिलं. कोड सगळा उघडा, रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) जीपीएल या मुक्त लायसन्सची फाइल, रीडमीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, ‘संपूर्ण ओपन सोर्स’ असं ठळक अक्षरात. ग्रंथपाल काकांकडे एक जुना टॅब्लेट होता. त्याचे अपडेट कधीच थांबले होते, म्हणून त्यांच्या भाच्याने त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडची मुक्त आवृत्ती टाकून दिली होती, गूगल प्ले सर्व्हिसेसशिवाय. काकांनी ॲप उघडलं, पुस्तक पालथं केलं, ‘स्कॅन’ दाबलं. काळा चौकोन आला आणि गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

“अगं, तुझ्या फोनवर चालतं ना हे?”

चालत होतं. कारण माझ्या फोनवर गूगल होतं. बारकोड वाचायला मी गूगलची एमएल किट घेतली होती, तीही हलकी आवृत्ती, जी खरं काम प्ले सर्व्हिसेसकडून करून घेते. पुढे हेच ॲप एफ-ड्रॉइडवर, म्हणजे मुक्त अँड्रॉइड ॲपच्या दुकानात, द्यायला गेले तेव्हा त्यांच्या तपासणीत एमएल किटसोबत आणखी तीन नावं निघाली. तिन्ही मीच हौसेने घातलेली. सगळं निस्तरायला मला दीड महिना लागला. क्रम ठाऊक असता तर दोन शनिवार-रविवारी झालं असतं. तो क्रम खाली देते आहे.

एक खुलासा. या लेखात ‘लायब्ररी’ म्हणजे कोडची, दुसऱ्याने लिहिलेला आणि आपल्या ॲपला जोडायचा तयार कोड. पुस्तकांची असते ते वाचनालय. हा घोळ मी घरी रोज निस्तरते, इथे नको.

आधी हाताशी काय हवं

- तुमच्या रेपोची ताजी प्रत आणि ती बांधता (बिल्ड करता) येईल असं मशीन
- एक साधी स्प्रेडशीट: लायब्ररीचं नाव, आवृत्ती, लायसन्स, कोणी ओढून आणली, काय करायचं
- प्ले सर्व्हिसेस नसलेला एखादा फोन, टॅब्लेट किंवा एम्युलेटर (एम्युलेटर निवडताना गूगलचे भाग नसलेली प्रतिमा घ्या, ती वेगळी मिळते)
- गिटलॅबवर खातं, कारण एफ-ड्रॉइडचं सगळं कामकाज तिथे चालतं
- तुमच्या प्रकल्पात आजवर ज्यांनी कोड दिला त्यांची यादी. ही का लागते ते चौथ्या पायरीत कळेल

## १. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ वेगळं करा

लायब्ररीला पैसे पडत नाहीत, तिचा कोड गिटहबवर दिसतो, उतरवायला लॉगिन लागत नाही. यातल्या कशानेही ती मुक्त ठरत नाही. मुक्त म्हणजे चार गोष्टींची लेखी परवानगी: कुठल्याही कामाला वापरा, वाचा आणि बदला, जशीच्या तशी वाटा, बदललेली वाटा. एक जरी अडली तर ती अमुक्त.

आता नवख्यांची नेहमीची समजूत. ‘माझा कोड जीपीएलखाली आहे, मग माझं ॲप मुक्त.’ तुमच्या ओळी मुक्त आहेत, एवढंच त्यातून ठरतं. ॲप बांधायला किंवा चालवायला दुसऱ्याची बंद वस्तू लागत असेल, तर घेणाऱ्याला ती वस्तू बदलता येत नाही, तपासता येत नाही, कधी कधी पुढे देताही येत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने यासाठी एक वेगळा कप्पाच ठेवला आहे, त्याचं नाव ‘कॉन्ट्रिब’. स्वतः मुक्त, पण अमुक्त गोष्टीवाचून ज्यांचं अडतं अशी पॅकेजेस तिथे जातात, ‘मेन’मध्ये नाही. माझं ॲप सरळ सरळ कॉन्ट्रिबचं गिऱ्हाईक होतं आणि रीडमीत मात्र ‘संपूर्ण’ लिहिलेलं.

## २. डिपेंडन्सींचा सगळा पसारा मांडा

डिपेंडन्सी म्हणजे तुमचं ॲप ज्यांच्यावर उभं असतं त्या लायब्ऱ्या. बिल्ड फाइलमध्ये मी १४ नावं लिहिली होती. ग्रेडलला (अँड्रॉइड ॲप बांधणाऱ्या अवजाराला) ‘डिपेंडन्सीज’ हे काम सांगून रिलीजच्या रनटाइम क्लासपाथचं झाड काढलं, तेव्हा शंभराच्या वर ओळी आल्या. तुम्ही एक बोलावता, ती सोबत चार पाहुणे आणते, त्यांच्यामागे त्यांचे नातलग. तपासायचं ते सगळं झाड, तुम्ही हाताने लिहिलेली यादी नव्हे.

अँड्रॉइडमध्ये तीन घराणी आधी शोधा: ‘कॉम गूगल अँड्रॉइड जीएमएस’, ‘कॉम गूगल फायरबेस’ आणि ‘कॉम गूगल एमएलकिट’. यातलं काही झाडात कुठेही दिसलं की त्या फांदीवरून उलटं वर चढत जा आणि कोणी ओढून आणलं ते स्प्रेडशीटमध्ये लिहा. याच पायरीवर मी सगळ्यात जास्त ठेचा खाल्ल्या, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुकान एक, माल दोन प्रकारचा. गूगलच्या मेव्हन भांडारातून अँड्रॉइडएक्स येतं, ते अपाची २.० खाली, पूर्ण मुक्त. त्याच भांडारातून प्ले सर्व्हिसेसच्या लायब्ऱ्या येतात, त्या बंद. ‘गूगलकडून आलेलं ते वाईट’ हाही नियम चुकीचा आणि ‘त्याच भांडारातलं आहे म्हणजे ठीक’ हाही.

कोड उघडा, पाय बंद जमिनीवर. फायरबेसच्या अँड्रॉइड संचाचा बराच कोड गिटहबवर अपाची २.० खाली आहे. मी तो दाखवून एफ-ड्रॉइडच्या परीक्षकाशी वाद घातला होता. त्याने शांतपणे झाडातली खालची ओळ दाखवली: तो कोड पुढे प्ले सर्व्हिसेसची लायब्ररी मागत होता. तिथे माझं बोलणं खुंटलं.

मॉडेल सोबत बांधलं म्हणून मुक्त होत नाही. एमएल किटची एक जड आवृत्ती असते, तिच्यात बारकोड ओळखणारं मॉडेल ॲपमध्येच बांधलेलं येतं. ती घातल्यावर काकांच्या टॅब्लेटवर स्कॅन चालू झालं आणि मला वाटलं, सुटलो. पण चालणं वेगळं, मुक्त असणं वेगळं. ती लायब्ररी बंदच राहते.

फोल्डरमध्ये पडलेले तयार तुकडे. ‘लिब्ज’ नावाच्या फोल्डरमध्ये कधीतरी टाकलेली जार, एएआर किंवा एसओ फाइल ग्रेडलच्या झाडात नीट ओळखू येत नाही. तिचा उगम तुम्हालाही आठवत नाही. माझ्याकडे एक होती, कुठल्यातरी ट्यूटोरियलमधून आलेली. काढून टाकली, काहीही बिघडलं नाही.

बिल्ड करणारी प्लगिन्स. लायब्ररी काढली पण बिल्ड फाइलच्या डोक्यावर गूगल सर्व्हिसेसचं किंवा क्रॅश अहवालाचं प्लगिन राहिलं, तर तपासणी तिथे थांबते.

न मागता चिकटणारा ठोकळा. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगिन आवृत्ती ४.० पासून एपीकेच्या (ॲपच्या तयार फाइलच्या) सहीच्या भागात डिपेंडन्सींची यादी कूटबद्ध करून चिकटवतं. ती उघडायची किल्ली फक्त गूगल प्लेकडे. बिल्ड फाइलमधल्या ‘डिपेंडन्सीज इन्फो’ या ब्लॉकमध्ये ‘एपीकेत घालू नको’ असं सांगितलं की ती बंद होते. दोन ओळींचं काम आहे, पण माहीत नसेल तर अर्ज एका फेरीने मागे पडतो.

अँड्रॉइडबाहेर असाल तर अवजारं बदलतात, पद्धत तीच. नोडसाठी ‘एनपीएम एलएस’ आणि लायसन्स-चेकर, पायथॉनसाठी ‘पिप-लायसन्सेस’, रस्टसाठी ‘कार्गो डेनाय’, गोसाठी ‘गो-लायसन्सेस’. डेबियनवर बसवलेल्या कुठल्याही पॅकेजची कॉपीराइट फाइल त्याच्या डॉक फोल्डरमध्ये असते, ती वाचायची सवय लावून घ्या.

## ३. बिल्ला नको, लायसन्सची फाइल वाचा

रेपोच्या पानावर कोपऱ्यात लायसन्सचं नाव दिसतं, ते यंत्राने ओळखलेलं असतं. मूळ फाइल उघडा. एमआयटी, बीएसडी, अपाची २.०, एमपीएल, एलजीपीएल, जीपीएल, एजीपीएल यांपैकी काही असेल आणि खाली शेपूट जोडलेलं नसेल, तर ती मुक्त. शेपूट असलं तर नीट वाचा. लाल शाईने खूण करायच्या जागा अशा:

- ‘फक्त शैक्षणिक’, ‘फक्त वैयक्तिक’ किंवा ‘बिगर-व्यावसायिक वापरासाठी’
- मुक्त लायसन्सखाली ‘कॉमन्स क्लॉज’ म्हणून विक्रीबंदी जोडलेली
- एसएसपीएल: मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये आणलं. सॉफ्टवेअर सेवा म्हणून दिलं तर त्या सेवेचा सगळा कोड उघडा करायची अट घालतं
- बिझनेस सोर्स लायसन्स: कोड दिसतो, वापरावर बंधन असतं, आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती मुक्त लायसन्सखाली येते. येईल तेव्हा येईल, आज ती अमुक्तच
- लायसन्सच नाही

शेवटचं सगळ्यात फसवं. उघड्यावर टाकलेल्या पण लायसन्स नसलेल्या कोडला लोक सार्वजनिक विहिरीसारखं समजतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतींमध्येच मोडतो, म्हणजे परवानगी दिली नसेल तर हक्क लिहिणाऱ्याचे. उपाय सोपा आहे: लेखकाला विचारा. मी एका छोट्या लायब्ररीच्या लेखकाला दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी त्याने एमआयटीची फाइल टाकली. विसरला होता बिचारा.

सज्जनपणाच्या अटीही अडवतात. जेएसओएन वाचायच्या मूळ जावा लायब्ररीच्या लायसन्समध्ये बरीच वर्षं एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. ऐकायला गोड, पण ‘कुठल्याही कामाला’ ही पहिलीच परवानगी त्यात मोडते. डेबियनने ती अमुक्त धरली आणि अपाची प्रतिष्ठाननेही २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना ती बंद केली.

याच्या उलट चूकही होते. एजीपीएल दिसलं की काही जण घाबरून ‘अमुक्त’ लिहितात. ते मुक्त आहे. तुम्हाला त्याच्या अटी पाळायच्या नसतील तर तो वेगळा प्रश्न.

## ४. तुमच्या स्वतःच्या लायसन्सशी जुळतं का ते बघा

दोन मुक्त लायसन्सचंही आपसात पटेलच असं नाही. फक्त जीपीएल आवृत्ती २ वर अडून बसलेला प्रकल्प अपाची २.० ची लायब्ररी जोडू शकत नाही, निदान मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानचं मत तसं आहे. आवृत्ती ३ जोडू शकते. अँड्रॉइडचं जग बहुतेक अपाचीचं असल्यामुळे नवीन ॲपला मी ‘जीपीएल ३ किंवा नंतरची’ असंच सुचवेन.

जोडणीचा विषय किती टोकाला जातो ते एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या अवजारात बघा. त्याच्या बिल्डमध्ये ‘एनेबल नॉनफ्री’ असा पर्याय चक्क ठेवलेला आहे. तो चालू करून तुम्ही स्वतःच्या मशीनवर खुशाल वापरा, पण तयार झालेलं बिल्ड दुसऱ्याला देता येत नाही. कुणाचा तयार डॉकर इमेजमधला एफएफएमपेग ॲपसोबत वाटत असाल, तर तो कुठल्या पर्यायांनी बांधला आहे ते आधी बघून घ्या.

आता ती यादी काढा, कोड देणाऱ्यांची. तुमचं ॲप जीपीएलखाली आहे आणि त्याला बंद लायब्ररी जोडली आहे. सगळा कोड एकट्या तुमचा असेल तर तुमच्यावर कोण दावा करणार? पण तेच ॲप पुढे देणारा मात्र अडकतो, कारण जीपीएल म्हणते सगळं उघडं द्या आणि त्याच्याकडे ते नसतं. यावर वाट म्हणजे लायसन्सला जोडून लेखी अपवाद देणं: अमुक लायब्ररीशी जोडायला परवानगी आहे. जीपीएल ३ च्या सातव्या कलमात अशा जादा परवानग्यांची सोय आहे. मात्र दुसऱ्या कुणाचा जीपीएल कोड तुमच्यात मिसळला असेल, तर त्याच्या वतीने अपवाद तुम्ही देऊ शकत नाही. त्या प्रत्येकाला विचारावं लागतं. माझ्या यादीत तिघं होते. दोघांनी लगेच उत्तर दिलं, तिसऱ्याला पाठवलेला ईमेल न पोचताच परत आला. तेव्हाच मी अपवादाचा नाद सोडून लायब्ररी बदलायचं ठरवलं, आणि ते बरं झालं. अपवादाने कायद्याचं तोंड बंद होतं, टॅब्लेटवरचं स्कॅन काही चालू होत नाही.

## ५. काढा, बदला, नाहीतर वेगळं ठेवा

स्प्रेडशीटच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येक लाल ओळीपुढे या तीनपैकी एक शब्द लिहा. क्रम हाच ठेवा. पहिला प्रश्न ‘हे लागतं का?’, पर्याय शोधणं नंतर.

नकाशाची लायब्ररी मी काढूनच टाकली. वाचनालय कुठे आहे हे त्याच्या सभासदाला नकाशावर दाखवायची काय गरज होती? तुम्हाला खरंच नकाशा हवा असेल तर मॅपलिब्रे आहे, त्याखाली ओपनस्ट्रीटमॅपची माहिती. क्रॅश अहवाल देणाऱ्या बंद लायब्ररीच्या जागी एसीआरए आली, ती अपाची २.० खाली आहे आणि अहवाल पाठवण्याआधी वापरणाऱ्याला विचारू शकते. ‘पुस्तक परत करायची तारीख आली’ ही सूचना मी गूगलच्या पुश सेवेतून पाठवत होते. तारीख तर टॅब्लेटवरच्या डेटाबेसमध्ये होती! फोनच्या स्वतःच्या वेळापत्रकावर ती सोपवली, सर्व्हर लागलाच नाही. खरोखर सर्व्हरवरून सूचना पाठवायच्या असतील तर गूगलशिवाय सूचना पोचवणारं युनिफाइडपुश बघा. ठिकाण हवं असेल तर अँड्रॉइडमधला मूळचा लोकेशन मॅनेजर पुरतो.

उरला बारकोड. तिथे मी झेडएक्सिंग घेतली. जुनी, सरळ, अपाची २.० ची. खोटं कशाला सांगू, एमएल किटइतकी ती चपळ नाही. वाचनालयातल्या पुस्तकांना प्लॅस्टिकचं आवरण असतं, त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि झेडएक्सिंग गोंधळते. पहिल्या दिवशी काकांनी वीस पुस्तकं करून पाहिली, सहा अडली. त्यावर दोन गोष्टी केल्या. टॉर्चचं बटण दिलं. आणि आयएसबीएन हाताने टाकायची चौकट दिली, तिच्यात चुकीचा आकडा लगेच पकडला जातो: १३ आकडे डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज १० ने भागली गेली तर आकडा बरोबर. भारतातली पुस्तकं ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतात, म्हणून ते पहिले आकडे आधीच भरून ठेवले. काका आता कॅमेऱ्यापेक्षा हातानेच भराभर टाकतात. शिवाय वाचनालयातल्या निम्म्या जुन्या मराठी पुस्तकांना बारकोडच नाही, हे ॲप लिहायला बसण्याआधी कपाट उघडून बघितलं असतं तर कळलं असतं.

‘वेगळं ठेवा’ हा मार्ग दोन दुकानांत जाणाऱ्या ॲपसाठी. ग्रेडलमध्ये दोन फ्लेवर (एकाच ॲपची दोन रूपं) करा, एक प्लेसाठी, एक पूर्ण मुक्त. दोघांचा मधला इंटरफेस एकच: ‘चित्र घे, आकडा दे.’ बंद लायब्ररी फक्त प्लेच्या फ्लेवरला जोडायची. इथली मेख अशी की डिपेंडन्सी फ्लेवरच्या नावाने जोडायची विसरली तर ती दोन्हीकडे जाते. म्हणून दुसरी पायरी मुक्त फ्लेवरवर पुन्हा करून बघा. आणि मुक्त फ्लेवर लंगडा ठेवू नका. मुख्य कामच त्यात होत नसेल तर तो कोण घेणार?

## ६. पर्यायच नसेल तर

असंही होतं, आणि हे दुखणं जुनं आहे. १९९६ मध्ये माथियास एट्रिश यांनी केडीई हा लिनक्ससाठीचा डेस्कटॉप सुरू केला तेव्हा त्यांनी खालची लायब्ररी घेतली क्यूटी, नॉर्वेच्या ट्रोलटेकची. केडीई जीपीएलखाली, क्यूटी फुकट पण मुक्त नाही, बदललेली प्रत वाटायला बंदी. यावर लोकांनी तीन वेगळे उपाय केले.

काहींनी मुळापासून दुसरा डेस्कटॉप सुरू केला: १९९७ च्या ऑगस्टमध्ये जीनोम. काहींनी क्यूटीचीच मुक्त नक्कल लिहायला घेतली, तिचं नाव हार्मनी. आणि डेबियनने १९९८ मध्ये केडीईची पॅकेजेस काढून टाकली, कारण ही जोडणी वाटायची परवानगी कुणाकडेच नव्हती. तिन्ही बाजूंनी दाब आला. क्यूटी १९९९ मध्ये क्यूपीएल या मुक्त लायसन्सखाली आली, पण त्याचं जीपीएलशी पटेना. शेवटी सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी २.२ जीपीएलखाली आली आणि गाठ सुटली. हार्मनीची गरज उरली नाही. जीनोम मात्र आजही आहे.

जावाचंही तसंच. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी २००४ मध्ये मुक्त प्रकल्पांना या सापळ्याबद्दल, म्हणजे बंद जावावर उभं राहण्याबद्दल, सावध केलं होतं. जावाच्या मालक कंपनीने, सनने, नोव्हेंबर २००६ मध्ये जावा जीपीएलखाली देत असल्याचं जाहीर केलं आणि मे २००७ मध्ये ओपनजेडीके म्हणून बहुतेक कोड आला. बहुतेकच. फॉन्ट रेखाटण्यासारखे काही तुकडे दुसऱ्यांच्या मालकीचे होते, ते बंद राहिले. ते बदलायचं काम आइस्डटी या प्रकल्पाने अंगावर घेतलं.

तुमच्या पातळीवर याचा अर्थ: मालकाला आधी विनम्र पत्र लिहा, तोवर ते वैशिष्ट्य बाजूला काढून वेगळं प्लगिन करा, आणि रीडमीत ‘हे अमुक गोष्टीवर अवलंबून आहे’ असं स्पष्ट लिहा. कॉन्ट्रिबमध्ये असण्यात लाज नाही. रीडमीत खोटं लिहिण्यात आहे.

## ७. कोड नसलेले तुकडे

फॉन्ट, आयकॉन, आवाज, प्रशिक्षित मॉडेल, शब्दयाद्या. यांनाही लायसन्स असतं आणि आपण मराठी लोक फॉन्टमध्ये हमखास अडकतो. ‘सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर असतो’ म्हणून ॲपमध्ये घातलेला फॉन्ट हा बहुतेक वेळा विंडोजसोबत आलेला असतो, वाटायची परवानगी नसलेला. नोटो सान्स देवनागरी, लोहित देवनागरी आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, ॲपमध्ये घालून खुशाल द्या. लायसन्सची फाइल मात्र सोबत ठेवा. फॉन्टमध्ये बदल करणार असाल तर आधी बघा की मूळ नाव राखून ठेवलेलं आहे का. असेल तर तुमच्या प्रतीला नवं नाव द्यावं लागतं.

मुखपृष्ठावरची अक्षरं ओळखायची असतील तर टेसरॅक्ट घ्या. ते अपाची २.० खाली आहे आणि त्याची मराठीची तयार माहितीही मिळते.

आयकॉन आणि चित्रं ‘बिगर-व्यावसायिक’ अटीची निघाली तर एफ-ड्रॉइड ॲपवर ‘नॉन-फ्री ॲसेट्स’ असा शिक्का मारतं. मी एक पुस्तकाचं चित्र असंच उचललं होतं. शेवटी भाचीकडून काढून घेतलं, ते जास्त छान आहे.

## ८. तारेच्या पलीकडचं

ॲप मुक्त, पण त्याचं सगळं चालणं कुठल्यातरी बंद सेवेवर, तर ‘नॉन-फ्री नेट’ हा शिक्का बसतो. याने ॲप नाकारलं जात नाही, वापरणाऱ्याला फक्त सांगितलं जातं. आयएसबीएनवरून पुस्तकाचं नाव आणायला मी आधी एका बंद सेवेला विचारत होते, आता ओपन लायब्ररीला विचारते. मराठी पुस्तकं तिथेही पुष्कळदा सापडत नाहीत. तेव्हा काका नाव टाइप करतात.

## ९. कोऱ्या मशीनवर बांधा

हीच खरी परीक्षा. तुमच्या लॅपटॉपवर गेल्या दोन वर्षांची साठवण आहे, त्यामुळे तिथे सगळं बांधलं जातं. एक कोरा कंटेनर घ्या, रेपो क्लोन करा, फक्त रीडमीतल्या सूचना पाळून मुक्त फ्लेवर बांधा. माझं पहिल्या खेपेला अडलं, कारण गूगल सर्व्हिसेसची जेएसओएन फाइल फक्त माझ्या मशीनवर होती. प्लगिन काढलं असं मला वाटत होतं, मी ते फक्त एका फाइलमधून काढलं होतं.

मग तो एपीके प्ले सर्व्हिसेस नसलेल्या मशीनवर टाका आणि प्रत्येक बटण दाबून बघा. एफ-ड्रॉइडची अवजारं बसवून त्यांचं ‘स्कॅनर’ आणि ‘लिंट’ स्वतःच चालवता येतं. अर्जाआधी चालवा, परीक्षकांचा वेळ वाचतो.

(जाता जाता: गूगलने तयार करून दिलेला अँड्रॉइड एसडीके उतरवतानाही तुम्ही त्यांच्या अटींवर होकार देता. पूर्ण सोवळं पाळायचं म्हटलं तर तिथूनच सुरुवात होते. मी तेवढी सोवळी नाही.)

## १०. अर्ज

दोन रस्ते आहेत. ‘कुणीतरी हे घ्या’ अशी विनंती नोंदवणं, किंवा एफ-ड्रॉइडच्या मेटाडेटा रेपोमध्ये स्वतः मर्ज रिक्वेस्ट टाकणं. दुसरा रस्ता घ्या. एक वायएएमएल फाइल लिहायची असते: वर्ग, लायसन्सचं एसपीडीएक्स (ठरवून दिलेलं छोटं) नाव, कोडचा पत्ता, आवृत्ती आणि तिचं नेमकं कमिट, नवी आवृत्ती कशी ओळखायची ते. ॲपचं वर्णन तुमच्याच रेपोत फास्टलेनच्या रचनेत ठेवा. तिथे मराठीचं वेगळं फोल्डर करता येतं, ते जरूर करा.

एक धोक्याचा फलक. एफ-ड्रॉइड ॲप स्वतः बांधतं आणि सहसा स्वतःच्या सहीने देतं. आधी तुमच्या सहीचा एपीके बसवलेला असेल तर त्यावर त्यांचा बसत नाही. जुना काढावा लागतो, आणि काढला की नोंदी जातात. मी काकांच्या टॅब्लेटवरचा जुना काढला तेव्हा नोंदी बाहेर काढायची सोयच ॲपमध्ये केली नव्हती. तीन दिवसांची देवघेव गेली. काकांनी काही न बोलता कागदी रजिस्टर पुढे केलं, ते त्यांनी बंद केलंच नव्हतं. आम्ही दोघांनी बसून परत भरलं. ‘निर्यात’चं बटण आधी करा, मग अर्ज.

## ११. नंतरची राखण

आज मुक्त असलेली लायब्ररी उद्या राहीलच असं नाही. मॅपबॉक्सची वेबसाठीची नकाशा लायब्ररी डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या आवृत्तीपासून बंद अटींवर गेली, मॅपलिब्रेचा जन्म त्यातूनच झाला. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या अवजाराने ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदललं, त्यातून ओपनटोफू निघालं. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बदललं, व्हॅल्की निघालं, आणि मग २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय पुन्हा दिला.

बदल पुढच्या आवृत्तीपासून लागू होतो, तुमच्याकडची जुनी मुक्त प्रत मुक्तच राहते. फक्त तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून जास्त दिवस त्यावर बसून राहू नका, फोर्क (जुन्या मुक्त प्रतीवरून निघालेला वेगळा प्रकल्प) कुठे जमतोय ते बघा. रोजच्या कामात मी दोन गोष्टी करते. ग्रेडलमध्ये आवृत्त्या कुलूपबंद ठेवल्या आहेत, आपोआप वर जात नाहीत. आणि एखादी आवृत्ती वाढवायची झाली की आधी तिच्या लायसन्स फाइलचा जुन्या-नव्याचा फरक बघते. बहुतेक वेळा त्यात फक्त वर्ष बदललेलं असतं.